बोडीच्या पाळीवरचा दगड

सानगडीत आमच्या बोडीच्या, म्हणजे शेतीच्या लहान तळ्याच्या, पाळीवर एक दगड आहे. त्यावर कोरलंय: 'भोजराज यास सख्ख्या भावाने येथे मारले.' बोडीचं पाणी आधी कोणाच्या धानाला, एवढ्यावरून फागूने थोरल्या भावाच्या डोक्यात फावडं घातलं. भोजराजच्या बायकोने, देवकाबाईने, हा दगड बसवला. पण पाळीवर दगड दिसला की आमची माणसं शेंदूर फासून मोकळी. वाचायची तसदी कोण घेतो? मग देवकाबाई विळ्याने शेंदूर खरडते. लोक पुन्हा फासतात.

दोन्ही भावांची घरं भिंतीला भिंत लागून. फागू शिक्षा भोगून आला, पुढे मेलाही. पण त्या घरचं पाणी देवकाबाई कधी प्यायली नाही. फागूची नात अपेक्षा मात्र हिच्याच ओसरीवर वाढली. मी म्हणायची, "अगं, आता कोणाशी भांडतेस?"

"तुमचा नवरा खाटेवर मेला, मास्तरीणबाई. तुमाले काय समजते?"

संपला विषय.

परवा अपेक्षाला बघायला साकोलीचे पाहुणे आले. देवकाबाई आणि मी पाळीखालच्या धानाच्या बांधीत लाखोरीची भाजी खुडत होतो. पाळीवरून येताना मुलाच्या आत्याने, सत्यभामाबाईंनी, शेंदूर पाहून चपला काढल्या नि हात जोडले. देवकाबाई तिथूनच ओरडली, "हात नोका जोडू! देव नाही तो, नवरा होय माहा. पोरीच्या आज्यानं मारलं त्याले."

मी कपाळाला हात लावला. ठरत आलेलं लग्न!

पाहुणे एकमेकांची तोंडं बघू लागले. देवकाबाई चपापली. घाईने म्हणाली, "पोरगी चांगली हाये पण. करून घ्या."

सत्यभामाबाई काही कच्च्या नव्हत्या. "तुमी पानी पेता का त्यायच्या घरचं?"

"नाही."

"मंग आमी काहून प्याव?"

देवकाबाईने पदराच्या ओट्यातली भाजी सावरली. मग एकदम म्हणाली, "चला," आणि पुढे चालू लागली.

फागूच्या दारात आली, उंबऱ्याशी थबकली आणि आत गेली. अपेक्षा पाहुण्यांसाठी पाण्याचा ट्रे घेऊन येत होती. हिला घरात पाहून जागीच थांबली.

"पाहून काय रायली? आन इकडे. पयले मले."

पहिल्याच घोटाला तिला ठसका लागला. डोळ्यांत पाणी आलं, ठसक्याचंच असेल. सत्यभामाबाई तिची पाठ चोळू लागल्या.

"सावकाश प्या ना बाई," त्या म्हणाल्या, आणि दुसऱ्या हाताने ट्रेमधला गिलास उचलला.