चौथा संदर्भ समोरच्या घरातला

भिवंडीत प्रोजेक्ट रिपोर्ट लिहीत नाहीत, काढतात. धामणकर नाक्याजवळ एक झेरॉक्सचं दुकान आहे. त्याच्या कॉम्प्युटरमध्ये मागच्या कित्येक तुकड्यांचे रिपोर्ट गुण्यागोविंदाने नांदताहेत. आपण विषय सांगायचा. दुकानदार विचारतो, "मेकॅनिकल की टेक्स्टाईल?" मिसळीला तिखट की मध्यम विचारतात, त्याच सुरात. मग कॉलेजचं नाव बदलतं, मुलांची नावं बदलतात, काळं बायंडिंग चढतं, त्यावर सोनेरी अक्षरं उमटतात आणि देशात आणखी एक संशोधन पूर्ण होतं. गर्दी असली तर स्टूलही मिळतं बसायला.

तुम्ही दोघं नातवंडं आता तिकडे इंजिनिअरिंगला लागलात, म्हणून हे लिहून ठेवते. तुमच्याकडे अशी सोय नसेल, त्याबद्दल सहानुभूती आहे.

आपल्या समोरच्या घरातली मुलगी तुम्हाला आठवत असेल. ईदला शीरखुर्म्याचा डबा घेऊन यायची आणि डबा रिकामा होईपर्यंत दारातच उभी राहायची. ती यंदा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. तिच्या वडिलांचा लूमचा, म्हणजे कापड विणायच्या मागांचा, कारखाना आहे. ते मला मावशी म्हणतात, मी त्यांना सेठ म्हणते, आणि दोघांनाही माहीत आहे की यात चेष्टा आहे.

एका दुपारी ती आली ती काळं बायंडिंग छातीशी धरून. चेहरा असा, की मला वाटलं कोणी गेलं. गेलं कोणी नव्हतं, रिपोर्ट परत आला होता. कॉलेजने यंदा चोरलेला मजकूर शोधणारं सॉफ्टवेअर आणलं आणि त्याने सांगितलं की या रिपोर्टमधला बराचसा भाग आधीच कोणीतरी लिहिलेला आहे. तिच्या गाईड सरांना फार धक्का बसला. त्यांच्या हाताखालून असे रिपोर्ट वर्षानुवर्षं गेले होते, पण यंत्राने सांगेपर्यंत त्यांनी कुणावर संशय घेतला नव्हता. त्यांचा स्वभावच तसा मोठा. त्यांनी हुकूम केला: सोमवारी नवा रिपोर्ट आणायचा, आणि जिथे मोजमापं घेतली त्या कारखान्याच्या मालकाचं सहीचं पत्र सोबत. नाही आणलं तर व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बसता येणार नाही, म्हणजे वर्ष गेलं.

प्रोजेक्ट चार मुलींचा होता. बाकीच्या तिघींनी भरपूर काम केलं होतं: तिघींनी आपापली नावं स्वतःच टाईप केली होती.

"आजी, तुम्ही कंपनीत हेच करायचात ना," ती म्हणाली.

साधारण हेच. मी नोकरीची सगळी वर्षं ठाण्याला एका यंत्रांच्या कंपनीत माहितीपुस्तकं टाईप केली आणि टाईप करता करता सुधारली. आमचे इंजिनिअर विद्वान होते. ते लिहायचे, "झाकण उघडून आतील भाग स्वच्छ करण्यात यावा, तत्पूर्वी विद्युतपुरवठा खंडित केलेला असणे अपेक्षित आहे." वाचणारा वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत त्याचा हात आत गेलेला असायचा. मी टाईप करायचे, "आधी वीज बंद करा. मग झाकण उघडा." साहेब म्हणायचे, हे फार साधं वाटतं, कंपनीला शोभत नाही. मी म्हणायचे, बोटं शाबूत राहिली तर तो माणूस पुढे शोभणारं काहीतरी वाचेल.

तर मी चष्मा लावला आणि रिपोर्ट उघडला. पहिलंच वाक्य होतं की मानवाला अनादी काळापासून वस्त्राची गरज भासत आली आहे. लूमवर उभा धागा का तुटतो, हा विषय. सुरुवात मात्र आदिमानवापासून. आभारांच्या पानावर प्राचार्य, विभागप्रमुख, ग्रंथपाल, शिपाई आणि दक्षिणेतली एक सूतगिरणी यांचे ऋण मानले होते. तू त्या गिरणीत कधी गेली होतीस, विचारलं. नव्हती. गिरणी रिपोर्टच्या आधीच्या मालकांकडून त्याच्याबरोबरच आली होती. पुढच्या प्रकरणात वातानुकूलित शेडची वर्णनं होती. तिच्या वडिलांच्या कारखान्यात एसी म्हणजे वरचे दोन पत्रे, जे वाऱ्याने हलतात.

काही परिच्छेद ओळखू येऊ नयेत म्हणून तिने शब्द बदलून देणाऱ्या एका ॲपमधून काढले होते. त्या ॲपने सगळी यंत्रं थकवून टाकली होती. कुठे धागा दुःखी झाला होता, तर कुठे लूम निवृत्त.

शेवटी संदर्भांची यादी. पहिला संदर्भ: गूगल. गहू कुठला आणलात विचारल्यावर "पिशवीतला" म्हणावं, तसं. पुढे इंग्रजी नावांची लांबलचक रांग होती, तीही गिरणीबरोबरच आलेली.

"यातलं एक तरी वाचलंस का?"

"नाही, आजी. ते असावे लागतात."

मी तिला विचारलं, मग वर्षभर तू केलंस काय? तेव्हा तिने हळूच फोन काढला. आणि बघते तर काय, या मुलीने खरंच काम केलं होतं. वडिलांच्या कारखान्यात हवेतला दमटपणा मोजायचं छोटं यंत्र टांगून, कॉटनच्या लूमवर दिवसा आणि रातपाळीला उभा धागा कधी किती वेळा तुटतो, हे तिने आठवडेच्या आठवडे टिपलं होतं. स्वच्छ तक्ते, वेळ लिहिलेली, कुठला लूम तेही. ही सगळी मेहनत फोनमध्ये, आणि काळ्या बायंडिंगमध्ये दुसऱ्याची गिरणी.

"हे का नाही घातलंस?"

"ते घरचं आहे. घरचं कसं रिपोर्टमध्ये घालायचं?"

आपल्याकडे ही एक जुनी रीत आहे. पाहुण्यांसमोर घरचा लाडू मागे ठेवायचा आणि बाजारातली बिस्किटं पुढे करायची. पण मला ते उत्तर पुरं वाटलं नाही, कारण हे बोलताना ती सतत आपल्या घराच्या दाराकडे बघत होती. मी तक्ते पुन्हा पाहिले, आणि मग कळलं.

तिचे वडील गल्लीतल्या प्रत्येकाला सांगत आले आहेत की धागा रातपाळीला तुटतो, कारण कारीगर डुलक्या काढतात. रोज सकाळी रातपाळी सुटताना ते कारीगरांना जे ऐकवतात, ते इथल्या चार घरांना पाठ आहे. आणि या तक्त्यांत स्वच्छ दिसत होतं की धागा रात्री सर्वांत कमी तुटतो. तुटतो तो दुपारी, हवा कोरडी पडते तेव्हा. म्हणजे खरा रिपोर्ट लिहायचा, तर अब्बा चुकले असं लिहायचं. आणि त्यावर सही कोणाची आणायची? अब्बांचीच. त्यापेक्षा दक्षिणेतली गिरणी किती सोयीची. तिचा मालक भिवंडीत राहत नाही.

आम्ही लिहायला बसलो. मी एकच नियम ठेवला. प्रत्येक वाक्याला विचारायचं, हे तुला कसं कळलं? मी पाहिलं, असं उत्तर असेल तर कधी आणि कुठे ते लिही. वाचलं असेल तर वाक्यापाशी कंसात आकडा टाक आणि शेवटच्या यादीत त्याच आकड्यापुढे कोणाचं, कुठलं, कोणत्या वर्षीचं, कितवं पान, ते दे, म्हणजे शंका आली तर वाचणारा स्वतः जाऊन बघेल. कोणी सांगितलं असेल तर कोणी, ते लिही. आणि यांपैकी काहीच उत्तर नसेल तर वाक्य खोड. पहिल्याच पानावर मानव, अनादी काळ आणि वस्त्र तिघंही गेली. ती गेल्याचं मला तरी वाईट वाटलं नाही.

संदर्भ उरले थोडेच, पण ते तिने या वेळी खरोखर वाचले. तीन छापील. चौथ्यापाशी ती अडली.

"रातपाळीचं सगळे म्हणतात, असं लिहू का?"

"सगळे कोण? मी तर नाही म्हणत."

मग तिने टाईप केलं: चार, कारखान्याच्या मालकांशी संभाषण, भिवंडी. पुढे अब्बांचं नाव, महिना आणि वर्ष. ते नाव तिने इतक्या हळू टाईप केलं की मला वाटलं, कीबोर्ड बिघडला.

रविवारी संध्याकाळी मी सेठना चहाला बोलावलं. रिपोर्ट इंग्रजीत, म्हणून तिने एकेक वाक्य वाचून त्याचा अर्थ सांगायचा, असं ठरलं. सुरुवातीला ते खूष होते. आपल्या पत्र्यांचं वर्णन ऐकून त्यांनी मान डोलावली. मग निष्कर्षाचं पान आलं. तिने न थांबता वाचलं, बरणीचं झाकण एकदाच जोर लावून उघडावं तसं: मालकांच्या मते धागा रातपाळीला कारीगर झोपतात म्हणून तुटतो, कंसात चार, मात्र मोजमापांत याला आधार मिळत नाही.

सेठनी कप खाली ठेवला.

"म्हणजे मी झूठा?"

मी काही बोलले नाही. तुम्ही मला ओळखता, तेव्हा हे किती कठीण गेलं असेल ते समजून घ्या.

"झूठे नाही, अब्बा," ती म्हणाली. "तुम्ही सांगितलं ते तुमच्या नावावर आहे. मी मोजलं ते माझ्या नावावर आहे. दोन्ही समोर ठेवलंय. वाचणारा बघेल."

"वाचणारा कोण, तुझे सर? त्यांनी लूम कधी बघितलाय का? फोटोत तरी?" मग माझ्याकडे वळून, "देखा मावशी? फी मी भरायची, आणि परीक्षा पण माझीच."

सहीचं पत्र टेबलावर पडलं होतं. त्यांनी ते उचललं नाही, ढकललंही नाही. मुलीने रिपोर्ट मिटला आणि हात मांडीवर ठेवले. वर्ष गेल्याचं तिने मनात मान्य करून टाकलं होतं, हे मला दिसत होतं.

"ते परत वाच," सेठ म्हणाले. "माझं."

तिने वाचलं.

"हे मी असं कधी म्हटलं? मी म्हटलं होतं, जास्त करून. नेहमीच तुटतो असं नाही म्हटलं. आणि कॉटनचं म्हटलं होतं, पॉलिएस्टरचं नाही. तिकडे माझं नाव लिहितेस, तर जे बोललो ते नीट लिही. लोक वाचतील."

तिने लॅपटॉप उघडला आणि त्यांच्या समोर दुरुस्ती केली. त्यांनी ती दोनदा वाचून घेतली, एकदा इंग्रजीतही, कळत नसताना. मग आणखी एक शब्द बदलायला लावला. माझ्या कंपनीत एकाही साहेबाने आपल्या वाक्याची इतकी काळजी घेतली नव्हती. सगळं मनासारखं झाल्यावर त्यांनी पत्रावर सही केली आणि गार झालेला चहा पिऊन टाकला.

सोमवारी सरांनी रिपोर्ट हातात घेतला, वजन केल्यासारखा वर-खाली केला आणि विचारलं, इतका बारीक? आधीचा चांगला जाड होता. पण यंत्राने या वेळी काही हरकत घेतली नाही, त्यामुळे सरांचाही नाइलाज झाला.

व्हायवाला बाहेरच्या कॉलेजातून परीक्षक आले होते. त्यांनी मागचं संदर्भांचं पान उघडलं, चौथ्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं की हा संदर्भ तपासायचा तर कुठे सापडेल. बाकीच्या तिघी छताकडे बघू लागल्या.

"कारखान्यावर, सर," आमची मुलगी म्हणाली. "फक्त शुक्रवारी नमाजानंतर या. तेव्हा ते शांत असतात."

पास झाली. परीक्षक काही अजून आलेले नाहीत. सेठ मात्र परवा मला जिन्यात थांबवून म्हणाले, ते साहेब कधी येणार आहेत ते पोरीला विचारून ठेवा, पॉलिएस्टरबद्दल माझं थोडं सांगायचं राहिलंय.