अस्तेरिसची शेवटची खेप

अस्तेरिसचा उभा जन्म खेचरांच्या शेपटीमागे चालण्यात गेला. ऑलिंपसवर चढणाऱ्यांसाठी वरच्या धर्मशाळेत जे काही पोहोचायचं, बटाटे, कांदे, गॅसचे सिलिंडर, ते लितोहोरो गावातून त्याच्या जनावरांच्या पाठीवरून. परदेशी पोरं विचारायची, देव नेमके कुठे राहायचे? तो काठीने ढगांकडे दाखवायचा. "तिथंच. पण आता घर रिकामं आहे बाबांनो. मी हाका मारून बघितल्यात."

हाका मारल्या होत्या त्या पोरासाठी. त्याचा एकुलता एक लाझोस एका जानेवारीत धर्मशाळेच्या छपरावरचा बर्फ काढायला निघाला आणि वाटेतच कोसळत्या बर्फाखाली गडप झाला. प्रेत काही मिळालं नाही.

गावची रीत अशी, की माणूस पुरल्यावर काही वर्षांनी त्याची हाडं वर काढायची, बायकांनी ती वाइनने धुवायची आणि पेटीत घालून चर्चच्या अस्थिघरात ठेवायची. तेव्हा कुठे मेलेला सुटतो, आणि मागे राहिलेलेही. लाझोसला पुरलंच नव्हतं, तर वर काढणार काय, कपाळ? तरी त्याच्या आईने, एव्हान्थियाने, वाइनचा बुधला भरून ठेवला.

"हाडं आण," ती नवऱ्याला म्हणाली, "मग तुला कधी डोंगर चढ म्हणणार नाही."

दर उन्हाळ्यात बर्फ वितळला की अस्तेरिस खेप पोहोचवून घळी धुंडाळायचा. बुधल्यातली वाइन आंबून जायची आणि एव्हान्थिया नवी भरायची.

यंदा गुडघ्यांनी हात टेकले. उतरताना त्याला खेचराची शेपटी धरावी लागली. ही शेवटचीच खेप, असं त्याने मनाशी ठरवलं, आणि त्याच दिवशी एका घळीत त्याला हाडं दिसली. काही बरगड्या, एक मांडीचं हाड. रानबकरीची होती, शिंगांची कवटी शेजारीच पडली होती. कवटी त्याने कपारीत लोटली आणि बाकीचं पोत्यात भरलं. पाप होतं, त्यालाही ठाऊक होतं. पण माणूस थकतो हो!

पोतं पाहताच एव्हान्थिया मटकन खाली बसली.

"डोकं?"

"नाही सापडलं गं. पाण्याबरोबर गेलं असेल."

"तू बाहेर थांब. हे बायकांचं काम."

तो अंगणातल्या बाकावर बसला. आतून वाइन ओतल्याचा आवाज आला, मग तिचं गाऊन गाऊन रडणं. मग गाणं मध्येच थांबलं. आणि तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं. त्याच्या आईची, बापाची, तिच्या सख्ख्या बहिणीची हाडं याच बाईने स्वतःच्या हातांनी धुतली होती. पुरुष त्या वेळी नेहमीच बाहेर बसलेले. त्यांना काय कळणार, त्या बोटांना काय काय ठाऊक असतं!

बऱ्याच वेळाने ती बाहेर आली. हातात तोंड बांधलेलं पोतं, बोटं लाल. आता शिव्याशाप देईल म्हणून त्याने मान खाली घातली. दिले असते तर सुटला असता बिचारा. ती शेजारी बसली आणि त्याचा गुडघा चोळू लागली.

"फार दुखतोय?"

"फार."

"तेल लावून देते. सकाळी जाताना हे जिथलं तिथं ठेवून ये." तिचा हात थांबला नाही. "आणि यंदा वरच्या घळीत शोध, अस्तेरी. तिथं तू नीट बघितलं नाहीस."

अस्तेरिसला रडू फुटलं. ती उठली, रिकामा बुधला घेतला आणि पिंपातून नवी वाइन भरायला आत गेली.