बांधावरचे चार ऐन

आमचं भातखाचर पनवेलच्या मागे, डोंगराच्या पायथ्याशी. त्याच्या वरची जमीन चुलत्यांनी मुंबईच्या एका साहेबांना विकली. साहेबांना निवृत्तीनंतर निसर्गाचा उमाळा आला होता. असा उमाळा आलेल्या माणसांबद्दल मला आधीपासूनच फारसा आदर नाही.

आल्या आल्या त्यांनी जेसीबी लावून बांधावरची ऐनाची चार जुनी झाडं उपटली. वडील धावत गेले. "साहेब, या मुळ्यांनी बांद धरलाय."

साहेब हसले. "काका, यातून उत्पन्न काय? इथे आता अ‍ॅव्होकाडो येणार."

मग त्यांनी शेडमध्ये दर रविवारी वृक्षशेतीचे वर्ग सुरू केले. एका रविवारी मी रोडपालीच्या माझ्या खोलीवरून घरी आलो होतो, तर शेजारी म्हणून आम्हालाही बोलावणं आलं. "झाड हा शेताचा मित्र असतो," साहेब पडद्यावर चित्रं दाखवत सांगत होते. जन्मभर खतासाठी ऐनाचा पाला खाचरात घातलेले माझे वडील मागच्या खुर्चीवर बसून ऐकत होते. चहा पिऊन आम्ही उठलो.

त्याच पावसाळ्यात बांध फुटला. नुकत्याच लावलेल्या भातावर वरचा चिखल येऊन बसला. साहेब गमबूट घालून बघायला आले. "क्लायमेट चेंज, दुसरं काय!"

"क्लायमेटकडे जेसीबी नव्हता," मी म्हणालो. ते मोबाइल बघू लागले.

वडील दोन दिवस चिखल उपसत राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी गिरिपुष्पाच्या मनगटाएवढ्या फांद्या तोडून आणल्या आणि फुटलेल्या बांधावर मातीची भर घालून त्यात रोवायला घेतल्या. माझं डोकंच फिरलं. "त्याच्या बांधासाठी तुम्ही का मरता?"

"बांद त्याचा हाय, पन पानी आपल्या भातात येतं," ते म्हणाले. साहेबांबद्दल माझं मत तसूभरही बदललं नाही. पण मी पहार घेतली.

दोन पावसाळ्यांत साहेबांनी लावलेले अ‍ॅव्होकाडो एकेक करून कुजले. आम्ही रोवलेले गिरिपुष्पाचे खुंट मात्र पालवी फुटून दाट झाले. परवा लावणीला वाकलो होतो, तेव्हा वरून साहेबांचा आवाज आला. नव्या पाहुण्यांना ते सांगत होते, "हे आमचं जिवंत कुंपण." एका बाईंनी विचारलं, छाटणी कधी करता? साहेब बांधावरून वाकून म्हणाले, "काका, हे कधी छाटायचं?"

वडिलांनी मानही वर केली नाही. "आमची लावनी होऊ दे. मग सांगतो."

साहेब तसेच उभे राहिले. आम्ही रोपांची पुढची मूठ उचलली.