शेवटची तीन पानं

धुळ्याजवळच्या आमच्या गावात लोकल बोर्डाची शाळा होती आणि शाळेत गोष्टीच्या पुस्तकांची एक पत्र्याची पेटी होती. गुरुजींची अट मात्र अजब. पुस्तक आठ दिवस घरी न्यायचं, घरच्यांना वाचून दाखवायचं आणि शनिवारी सकाळी घरच्या कुणीतरी शाळेत येऊन ती गोष्ट सगळ्यांपुढे सांगायची. ती जमली नाही, तर त्या पोराला वर्षभर पेटी बंद.

गावाला याची अशी चटक लागली की शनिवारी माणसं शेतावर उशिरा जायची. एका आबांनी राजाच्या गोष्टीत पदरचा वाघ घुसडला आणि तो पुस्तकात आहेच म्हणून गुरुजींशी वाद घातला. सगळे हसले, मी मात्र चिडले. पुस्तकात नाही ते सांगणं म्हणजे लबाडी, असं तिसरीत असताना माझं ठाम मत होतं.

आणि मग मीच ती केली.

माझ्या पुस्तकात नावाड्याचा आजारी मुलगा होता. त्याची बहीण नदीपलीकडून औषध घेऊन येते, तोवर तो गेलेला असतो. माझा धाकटा भाऊ त्याच पावसाळ्यात हिवतापाने गेला होता. आई समोर कपाशीची बोंडं सोलत ऐकत होती. मला पुढे वाचवेना. मुलगा बरा झाला असं सांगून मी पुस्तक मिटलं.

शनिवारी आईच गोष्ट सांगायला निघाली. गुरुजींनी ते पुस्तक वाचलेलं होतं. पेटी बंद होणार, हे दुःख होतंच, पण माझ्यापायी आईचं गावासमोर हसं होणार होतं.

डोक्यावरचा पदर सारखा करत ती आपल्या अहिराणीत न अडखळता बोलली. शेवटी म्हणाली, "मंग तो पोऱ्या उठना, दूध-भाकर खादी अन् बहीनसंगे खेयाले गया."

मुलगा उठून खेळायला गेला, हे पुस्तकात नव्हतंच. गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"बरोबर सांगितलं, ताई," ते म्हणाले. मग पेटीतून नवं पुस्तक न काढता त्यांनी तेच माझ्या हातात परत दिलं. "हे अजून आठ दिवस तुझ्याकडे असू दे."

मला रडूच आलं. वाटेत आई म्हणाली, "तीन पानं बाकी व्हतात अन् तू पुस्तक मिटी टाकं. तो पोऱ्या मरना ना?"

तो मेलाच, हे मी कबूल केलं. "मग तू शाळेत तसं का सांगितलंस, माय?"

"माले तं तू सांगं तेवढंच माहीत; तुले पुस्तकं भेटाले पाहिजेत म्हनीसन तेच सांगं. आते घर जाईसन ती पानं वाच. माले रडू उनं तं रडू दे."

घरी गेल्यावर दाराशी बसून मी वाचायला लागले. मुलगा गेला त्या ओळीवर आईने तोंडात पदर धरला आणि ती हमसून हमसून रडली. भाऊ गेल्यापासून तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. मी घाबरून थांबले, तर तिने डोळे न पुसताच पानाकडे बोट केलं.

"वाच," म्हणाली.