वहिनीने उघडलेली खिडकी

मी शिकवते त्या महाडच्या शाळेत मधल्या सुट्टीत पोलादपूरच्या एस.टी.चा ओळखीचा कंडक्टर दाराशी येऊन उभा राहिला, तेव्हाच मी समजले. वहिनी गेली. ताप एवढंच निमित्त. महिना होऊन गेला त्याला. गावातल्या बायका तिच्याविषयी जे सांगतात ते सगळं खरं आहे. बाळंतिणीच्या घरी ती न बोलावता जायची, बाजेखालची शेगडी उचलून अंगणात ठेवायची आणि खिडकी उघडायची. सासवा कुरकुरायच्या, ही ऐकायची नाही. पण तिला हे एकटीने का रेटावं लागलं, ते मलाच ठाऊक आहे. आजवर बोलले नाही... आता बोलते.

आमचं गाव आंबेनळीच्या पायथ्याशी. पौषात घाटातून बोचरा वारा खाली उतरतो. त्याच दिवसांत वहिनीचं पहिलं बाळंतपण झालं, तेही आमच्याकडे, कारण माहेरी तिला आई नव्हती. बाळंतिणीला वारा लागता कामा नये म्हणून माझ्या आईने खोलीच्या फटी चिंध्यांनी बुजवल्या आणि बाजेखाली कोळशाची शेगडी ठेवली. कोळसे लाल झाले, धूर सरला, की मग कसली भीती नाही, अशी आम्हा सगळ्यांची पक्की समजूत. दुपारी वहिनी म्हणाली, डोकं जड झालंय, मळमळतंय. उठून तिने खिडकी उघडली आणि लेकीला कुशीत घेऊन आडवी झाली. तिचा डोळा लागल्यावर मी ती खिडकी लावली. शेतावरून आल्यावर आई मला फाडून खाईल, या भीतीने. वर माझ्या जुन्या परकराची चिंधीही फटीत कोंबली. आई आली आणि आत गेली, तर दोघी हाकेला उठेनात. आम्ही त्यांना कसंबसं ओटीवर आणलं. तिथल्या मोकळ्या हवेत आधी पोर रडली, मग किती तरी वेळाने वहिनीने डोळे उघडले. त्या गडबडीत खिडकीकडे कोणी पाहिलं नाही.

महाडहून डॉक्टर आले. त्यांनी समजावून सांगितलं की बंद खोलीत निखारे धगधगत राहिले की विषारी वायू साचतो. तो दिसत नाही, त्याला वास नाही, माणूस झोपेतच जातो. मग त्यांनी विचारलं, खिडकी बंद होती का?

"मी उघडली होती," वहिनी म्हणाली.

आईने कपाळावर हात मारला. "मग वाराच लागला हिला. दुसरं काय नाय."

डॉक्टरांनी माझ्याकडेही पाहिलं... मी मान खाली घातली.

पुढच्या बाळंतपणाच्या खेपेला आई खिडकीला खिळे ठोकायला निघाली. वहिनीने मला परसात गाठलं. "वन्सं, चिंधी तुमच्या परकराची होती. खोलीत परत आल्यावर मी पाहिली. तुम्ही एकदा सांगा, सासूबाई ऐकतील." आवाजात राग नव्हता. मी हो म्हटलं आणि घरात जाऊन गप्प बसले. तिने पुन्हा विचारलं नाही. बाज खिडकीशी ओढून घेतली, शेक झाला की शेगडी बाहेर काढायला लावली, आणि आईचे टोमणे ऐकून घेतले.

"वाऱ्याची लेक हायस गो तू," आई म्हणायची.

"म्हणून तर जिती हाय, सासूबाई."

तिची ती पहिली लेक, सुमन, यंदा बाळंतपणाला आली. वहिनीच्या माघारी सगळं पुन्हा आईच्या हाती. परवा मी रजा काढून गेले, तर सुमन बाळाला घेऊन बाजेवर, खाली शेगडी फुललेली, आणि आई फटीत चिंध्या भरत होती.

"हिच्या आईनं उघडी टाकली आणि दोघींच्या जिवावर बेतलं," ती म्हणाली.

"उघडी नव्हती, आई. वहिनी झोपल्यावर मी लावली होती."

आईचा हात थांबला.

"आन मी जन्मभर तिला बोल लावला. तिच्या देखत का नाय सांगितलंस गो?"

मी शेगडी उचलून अंगणात नेली. परत आले तेव्हा आई चिंध्या उपसत होती, अगदी खालच्या फटीतल्यासुद्धा. सुमन म्हणाली, गार लागतंय. आईने मान न वळवता मला सांगितलं, पेटीतून गोधडी काढ. वहिनीने जाण्याआधी शिवलेली वरच होती. ती मी दोघांवर घातली आणि खिडकीची दोन्ही दारं भिंतीला टेकेपर्यंत उघडली.