आधी आवळणारा मिस्त्री

वणीत मी शेठजींची जुनी मोटार चालवायचो. सातवीत शाळा सोडून साताऱ्याहून आलेला मी. नोकरी गेली तर कुठे जाणार? मोटारीचा मिस्त्री गंजलेल्या बोल्टवर रॉकेल सोडून ते मुरेपर्यंत चहाला निघून जाई. परतल्यावर बोल्ट आधी किंचित आवळी, मग सोडवी.

"आधी आवळता कशाला?" मी विचारलं.

"हालते का पाह्यतो न बावा."

एकदा तो चहाला गेल्यावर मी घाईनं पान्याला पाइप लावून जोर केला. बोल्टचं डोकं तुटलं, तेवढ्यात शेठजी आले.

"कोणी तोडला?"

"मायाच हातून तुटला, शेठजी," चहाहून परतलेला मिस्त्री मागून म्हणाला.

शेठजी गेल्यावर शेजारच्या बोल्टवर त्यानं रॉकेल सोडलं आणि म्हणाला, "चाल आता, तूबी चहाले."