जिजाकाकूंनी दिलेल्या किल्ल्या

परवा बँकेत शिपायाने एका पाकिटावर लाख वितळवली आणि त्या जळकट वासासरशी मला गंगापूर रोडवरची ती सकाळ आठवली.

शेजारच्या जिजाकाकूंच्या बंगल्याच्या कुलपावर त्या दिवशी सरकारी लाख लागत होती. त्यांचा मुलगा अमली पदार्थांच्या तस्करीत दोषी ठरून तुरुंगात गेला होता आणि त्या पैशातून घेतलेली मालमत्ता कायद्याने जप्त झाली होती. काकू मूळच्या फुलं पिकवून बाजारात विकणाऱ्या. बंगला त्यांच्याच नावावर होता.

मी हळूच म्हणाले, "काकू, फुलांच्या कमाईतून घेतला असं सांगितलं असतं, तर कदाचित वाचला असता."

"वकीलबी तेच म्हणला," त्या म्हणाल्या. "मळा माझ्या घामाचा हाय, तसं मी सांगितलं. तो सोडला त्यांनी. ह्या घराचं कसं सांगू? त्या पावडरीपायी कुणाकुणाची पोरं गेली असतील. त्यांच्या आयांना काय वाटत असंल?"

अधिकाऱ्याने किल्ल्या मागितल्या. काकूंनी पदराची गाठ सोडली. किल्ल्या देऊन, कपड्यांचं बोचकं मांडीवर घेऊन त्या मळ्याकडे जायला रिक्षात बसल्या.

तेव्हा मला त्यांची नुसती कीव आली होती. आज माझा मुलगा कॉलेजात जातो. त्याला यायला उशीर झाला की जीव टांगणीला लागतो. आता वाटतं, तो जन्मालाही आला नव्हता तेव्हा त्या बाईने त्याचा विचार केला होता.